मुराळ्याचा पार्ट

"चुकलं. थांबा, परत येतो."

दर रविवारी आमच्या वर्गाची सुरुवात या वाक्यानं व्हायची. वर्गाला येणाऱ्या एका काकांनी दारात चपला काढायच्या, एक पाऊल आत टाकायचं, आमच्याकडे बघायचं, मग मान हलवून पुन्हा चपला घालायच्या आणि सगळा जिना उतरून खाली जायचं. खाली चहाच्या गाड्यावरची माणसं कप हातात धरून बघत राहायची. काका पुन्हा जिना चढायचे, पुन्हा दारात यायचे आणि म्हणायचे, "न्हाई. आताबी चुकलं. थांबा."

वय सत्तरीच्या पुढे, आणि गुडघे असे की पायरीपायरीला ऐकू यायचे. मी एकदा वैतागून म्हणाले, "अहो काका, आत येण्याची तालीम हॉलमध्येच करता येते. जिना कशाला झिजवता?"

"तो लांबनं यायचा मॅडम," काका म्हणाले. "आल्यावर दम लागलेला असायचा. मला दम लागल्याबिगर त्याचं बोलणं येत न्हाई."

मी कपाळावर हात मारला. "चढा मग," म्हणाले.

हा वर्ग म्हणजे काय ते आधी सांगते. परभणीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी अभिनय शिकवते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तरुणपणी नाटकांतून कामं केली; आवाज अजून शाबूत आहे आणि जीभ त्याहून जास्त. वर्गाला येणाऱ्या पोरापोरींना मालिकेत जायचं असतं, तेही पुढच्या महिन्यात. साडीच्या दुकानात काम करणारी आमची शीतल फोनसमोर असं रडते की बघणाऱ्यानं डोळे पुसावेत. पण समोर जिता माणूस उभा केला की तिला फिदीफिदी हसू येतं. असल्या लोकांत हा म्हातारा कापडी पिशवी मांडीवर घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसलेला पाहिला, तेव्हा मला वाटलं नातवाचं नाव घालायला आले असतील.

वर्ग सुटल्यावर जवळ आले. म्हणाले, "मला एकच पार्ट शिकवा."

"असा एकेक पार्ट किलोवर मिळत नाही काका. आधी आवाज, मग शरीर, मग—"

"तेवढा टाइम न्हाई."

"कुठली स्पर्धा आहे का?"

"न्हाई."

"मग घाई कसली?"

"आमच्या घरचे जेवंनात," ते म्हणाले.

आमच्याकडे जुनी माणसं बायकोला 'आमच्या घरचे' म्हणतात. या माणसाच्या तोंडून तिचं नाव मी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

बाईंची आठवण जात चालली होती. आधी गॅसवरचं दूध गेलं, मग वार गेले, मग मुलगी, आणि शेवटी नवराही गेला. घरात हा कोण परका म्हातारा वावरतोय म्हणून काका दिसले की त्या पदर ओढून भिंतीकडे तोंड करायच्या. परक्याच्या हातचं खाणार कशा? नांदेडला दिलेली मुलगी दर शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी परत जायची. तिनं घास पुढे केला की बाई विचारायच्या, "कोणाची गं तू?" आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. साखरेच्या पाण्याचे चमचे, दुधाचा नाहीतर पेजेचा एखादा घोट, एवढ्यावर चाललं होतं. बोलणं एकच. "बापू आल्यावर जेवीन. पंचमी आली. न्यायला येईल तो."

बाहेर उन्हाळा भाजत होता आणि बाईंच्या डोक्यात श्रावण.

बापू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, वालूरचा. सणाला लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी, हे तुम्हाला माहीतच आहे. या बाईंचा मुराळी लग्न झाल्यापासून दर पंचमीला आला. एक साल चुकला नाही. आला की आधी बहिणीला जेवायला बसवायचा, कारण लेकीला रिकाम्या पोटी उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं. तो बापू कोरोनात गेला. बाईंना त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही, म्हणून त्यांच्या लेखी तो यायचाच राहिला होता.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती बाईंनी ओढून काढली. परत घातली तेव्हा हात पलंगाला बांधले. "ते बांधलेले हात मला बघवले न्हाईत मॅडम," काका म्हणाले. "मी घरी घेऊन आलो. डॉक्टर म्हणले, पोटात गेलं तर राहतील. न्हाईतर अवघड हाय." मग पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत म्हणाले, "मला त्या बापूचा पार्ट शिकवा. तो आल्यावर ती जेवती."

मी भल्याभल्यांना वर्गातून हाकललंय. त्या दिवशी मला उगाच खिडकीपाशी जाऊन पाणी प्यावं लागलं. भीती वाटली मला. नाटक पडलं तर पडलं, फार तर लोक हसतात. इथं पार्ट पडला तर बाई मरणार होती.

मी म्हणाले, "रोज घरी या माझ्या." तर तेही जमणारं नव्हतं. मुलगी असायची ती रविवारीच. बाकीचे दिवस हे एकटे, आणि बाईंना सोडून हलता येत नव्हतं. म्हणजे जे काय शिकायचं ते रविवारी.

आता अडचण बघा. काका आयुष्यभर गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर बाबू. उसाची गाडी काट्यावर आली की वजन बघायचं, पावती फाडायची, पुढची गाडी. बोलायचं काम ट्रॅक्टरवाल्यांकडे, आणि ते जे बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. बापू म्हणजे बरोबर उलटा गडी. गल्लीच्या तोंडापासूनच आरोळी ठोकायचा, "अक्का, चहा टाक गं! मुराळी आलाय!" खिशातून गूळ-शेंगदाणे काढून गल्लीतल्या पोरांना वाटायचा, आणि हसला की शेजारच्या घरातलं तान्हं पोर दचकून उठायचं.

"ओरडा," मी म्हणाले.

"अक्का, चहा टाक," काका म्हणाले.

"हे पोस्टात पाकीट मागितल्यासारखं झालं काका. पोटातून ओरडा."

"अक्का, चहा टाक गं."

"आता पाकिटाबरोबर तिकीट मागितलं."

पोरं हसली. काका हसले नाहीत. शेवटी मी त्यांना घरचा अभ्यास दिला. सकाळी शेजारणीला थोडा वेळ बसवायचं आणि कृषी विद्यापीठाच्या रानात जाऊन ओरडायचं, तिथं कोण ऐकतंय? पण ऐकणारा होता. पहिल्याच दिवशी राखणदार काठी घेऊन धावत आला. "कुठं पडली अक्का? कंच्या हिरीत?" बिचारा आधी दोन विहिरी बघून आला होता. काकांनी त्याला खरं काय ते सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून तो रानाच्या पार त्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि तिकडून ओरडायचा, "न्हाई आलं ऐकू! आजून मोठ्यानं!" माझ्या शिकवण्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला असेल.

आवाज सुटला. चहा बशीत ओतून पिणं, खांद्यावरचा पंचा झटकणं, मांडीवर थाप मारून हसणं, हे सगळं हळूहळू आलं. एका सोमवारी काका स्वतःच्या घरातून पिशवी घेऊन बाहेर पडले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि बापू होऊन परत आले.

पुढच्या रविवारी जिना एकदाच चढले. चेहरा बघूनच मी समजले.

"आवाज ऐकला तशी उठून बसली," ते म्हणाले. "'बापू?' म्हणली. तोंडावर असं हसू आलं मॅडम, मी म्हणलं जिंकलं. आत गेलो, बाजेवर बसलो. मग बघितलं माझ्याकडं बराच वेळ. म्हणली, 'हा आमचा बापू न्हाई. आमचा बापू आल्याबरोबर पाया पडतो.' आन भिंतीकडं तोंड केलं. तेव्हापासनं दुधाचा घोट बी घेईना."

"मग पाया पडायचं राहिलं कसं? तुम्हीच तर मला सांगितलं होतंत."

"ध्यानात होतं."

"मग?"

"पडलो न्हाई."

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पण आमच्याकडच्या घरात राहिलेल्या माणसाला विचारा. ती बाई दर सणाला, गावाला निघताना, आजारातून उठल्यावर यांच्या पाया पडत आली होती. आता तिच्या पावलांवर यांनी डोकं ठेवायचं? मला वाटलं, पुरुषाचा ताठा आहे, आणि माझी जीभ सुटणार तेवढ्यात काका म्हणाले, "नवरा पाया पडला तर बायकोला पाप लागतं म्हणतात मॅडम. ती आधीच एवढी बेजार हाय. तिच्या माथी आजून पाप कशाला घालू?"

"तुम्ही कुठं पडताय? बापू पडतोय," मी म्हणाले. "आणि लागायचंच असेल तर मला लागू दे. शिकवणारी मी आहे."

शीतलला अक्का करून बसवलं. काका वाकायला लागले आणि तिला हसू फुटलं. मी तिच्यावर अशी ओरडले की खालचा चहावाला वर बघायला आला. मग मीच बसले खुर्चीत. म्हणाले, "पडा पाया." माझ्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस, पाय आपोआप मागे ओढले जात होते, ते मी दाबून धरले. काकांचे गुडघे वाजले. डोकं टेकलं आणि ते उठलेच नाहीत. शेवटी मी खाली वाकून दंड धरला तेव्हा उठले.

त्याच्या पुढच्या रविवारी पेढे आले. अर्धी भाकरी! दुधात कुस्करलेली, अर्धी भाकरी! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाया पडल्यावर बाईंनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, "किती वाळलास रे." बापू म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं निघू अक्का. आज जेवून घे." आणि बाई जेवल्या होत्या.

बाईंचा 'उद्या' कधी यायचाच नाही, त्यामुळं हे रोज चाललं. रोज पिशवी, रोज गल्लीचं टोक, रोज आरोळी. गल्लीतली माणसं आधी तोंडाला पदर लावून हसली, मग त्यांनाही सवय झाली. "आला का मुराळी?" असं विचारून वाट मोकळी करून द्यायची. बाईंच्या अंगावर जरा मांस आलं. काका एकदा मला म्हणाले, "रोज तेवढीच खूश होती मॅडम. मला बघून आजवर कोणी एवढं खूश झालेलं न्हाई."

पोळ्याच्या सुमाराला एका रविवारी ते आले आणि "चुकलं" न म्हणता सरळ खुर्चीत बसले.

"परत बंद झालं," म्हणाले.

"काय झालं? पाया पडलात ना?"

"पडलो. हसली. ताट पुढं ठेवलं तर म्हणली, 'तू जेव बापू. दाजी येऊ दे तुझे. त्यांच्या आधी मी कशी जेवू?'"

आठवतंय का, गेल्या कित्येक महिन्यांत त्या बाईला नवरा आठवला नव्हता. गळीत हंगामात काका कारखान्यावरून येतील तेव्हा येतील, ताट झाकून ती उपाशी बसायची, जन्मभर. सगळं पुसलं गेलं आणि हेच नेमकं वर आलं.

"एवढ्या दिसांनी माझी आठवण आली," काका म्हणाले, "ती बी तिला उपाशी मारायला."

मी म्हणाले, "मग सोपं झालं की! तुमचा तर पार्टसुद्धा करायचा नाही. जा आणि सांगा, मी आलोय."

"सांगितलं. तर दाराकडं बघून म्हणली, 'बापू, ह्या म्हाताऱ्याला आधी बाहेर काढ. ते आले आन परका माणूस घरात बघितला तर काय म्हणतील?'"

तिचा नवरा तरणा होता, काळ्या मिशांचा, कारखान्यावरून येणारा. तोच यायला हवा होता. ठीक, म्हटलं, तोही बसवू. "घरात शिरल्यावर पहिलं काय करायचात?"

"काय म्हणजे? यायचो."

"दारात काय करायचात? पिशवी कुठं ठेवायचात?"

"ध्यानात न्हाई."

"जेवताना काय बोलायचात?"

"ध्यानात न्हाई मॅडम."

बापूचं विचारलं असतं तर पंचा कोणत्या खांद्यावर इथपासून सांगितलं असतं. स्वतःचं काही नाही, कोरी पाटी. माझा तोल गेला. "अहो, त्या घरात तुम्ही राहत होतात की नाही?"

"त्यांना ठावं असंल," काका हळूच म्हणाले. "घरच्यांना."

आणि शीतल, जिला मी वर्षभर बिनडोक म्हणत आले, ती मागून म्हणाली, "मग बापूनं विचारायचं ना मॅडम. अक्का, दाजी कसे आहेत गं? भाऊ बहिणीला एवढं विचारतोच की."

आठवडाभर माझं कशात लक्ष लागलं नाही. रविवारी काका आले, बसले नाहीत. भिंतीपाशी उभे राहून, खाली बघत बोलायला लागले.

"म्हणली, 'दाजी लय चांगले हायत बापू. पीत न्हाईत, हात उचलत न्हाईत. फाटकाची कडी वाजली की मी उठती. घसा खाकरतात. पिशवी खुंटीला लावतात. पाय धुतात, डावा आधी. पाटावर भिंतीकडं तोंड करून बसतात. बोलत न्हाईत. मीठ कमी पडलं तरी बोलत न्हाईत, जास्त पडलं तरी बोलत न्हाईत. हात धुतात आन बाहेरच्या खोलीत जातात.' मी म्हणलं, 'आन तू गं अक्का?' तर म्हणली, 'माझं काय? त्यांचं झालं की त्याच ताटात मी बसती. कधी उरतं, कधी न्हाई उरत.'"

काका थांबले. मला वाटलं संपलं.

"मग म्हणली, 'तू जेवलीस का, असं इचारलं असतं ना बापू, तर मी काय, न्हाई म्हणणार होते का? हो म्हणलं असतं. पण इचारलं न्हाई कधी. जाऊ दे. तू आईला सांगू नको.'"

काका म्हणाले, "मॅडम, ह्या माणसाचा पार्ट मला नको."

"मग त्या जेवणार कशा?" मी विचारलं.

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "शिकवा."

मी घरून एक स्टीलचं ताट आणून हॉलच्या कपाटात ठेवलं. काकांनी घसा खाकरायचा, पाय धुवायचे, भिंतीकडे तोंड करून रिकाम्या ताटातलं जेवायचं. मी मागं बसायचं, अक्का म्हणून. पहिल्याच तालमीत हात धुऊन बाहेर जायच्या ऐवजी वळले आणि म्हणाले, "तू जेवलीस का?"

"काका, हे वाक्य पार्टात नाही."

"एकच हाय. घालता येणार न्हाई का?"

"तो माणूस असं बोलत नव्हता. बोललात तर त्या ओळखतील का तुम्हाला?"

न्हाव्याकडून मिशा काळ्या करून घेतल्या. न्हावी म्हणाला, "काका, दुसरं लगीन का?" काका म्हणाले, "न्हाई, पहिलंच." ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली आणि आम्ही पोट धरून हसलो. हसायचा तेवढाच दिवस.

त्या संध्याकाळी घरी फाटकाची कडी वाजली, काकांनी घसा खाकरला आणि बाई भिंतीला धरून आपल्या आपण उठल्या. डोक्यावर पदर घेतला. काका पाटावर बसले. "तोंड भिंतीकडं, मागं ती. तिची हाडं मोजून घ्यावीत अशी झालेली. आन मी तिच्या आधी जेवायलोय. घास खाली उतरंना मॅडम. पण गिळला." हात धुऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मग आतून बांगड्या वाजल्या. त्याच ताटात बाई जेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही. जेवून उठले, वळले आणि विचारलंच, "तू जेवलीस का?" बाईंनी ताट पायानं लांब ढकललं. "कोण तुमी? आमच्या ह्यांनी असलं कधी इचारलेलं न्हाई." मग पुन्हा काही दिवस नुसतं पाणी.

त्यानंतर काकांनी पार्ट बिनचूक केला. रोज करायचे. रविवारी यायचे, मागे बसायचे, पोरांची कामं बघायचे. मी विचारायचे, "जेवल्या?" मान हलवायचे, हो. आता मला सांगा, याला काय म्हणायचं? जन्मभर जे केलं त्याची लाज वाटायला लागली, तेव्हा नेमकं तेच रोज करावं लागलं, आणि तसं केलं तरच ती दोन घास खाणार. मला रागच यायचा. कोणावर ते कळायचं नाही, मग मी शीतलवर काढायचे.

संक्रांतीच्या आधी बाई गेल्या. झोपेतच. मी घरी गेले तेव्हा मुलगी म्हणाली, "जेवून झोपली होती." तेवढं ती सगळ्यांना सांगत होती.

काका नंतर मुलीकडे नांदेडला गेले ते गेलेच. फोन लावला तर लागत नाही. परभणीतल्या घराला कुलूप आहे. पण जाण्याआधी एका रविवारी ते वर्गात आले होते, ते सांगायचं राहिलंय.

जिना एकदाच चढले. मिशांची मुळं पांढरी दिसायला लागली होती. म्हणाले, "मॅडम, ताट हाय का?"

मी कपाटातून ताट काढून भिंतीशी ठेवलं आणि मागं जाऊन बसले, पदर घेऊन. काकांनी घसा खाकरला, पिशवी नसलेल्या खुंटीला लावली, डावा पाय आधी धुतला. भिंतीकडे तोंड करून जेवले. सावकाश. हात धुतले. आणि बाहेर न जाता वळले.

"तू जेवलीस का?"

पार्टातलं माझं वाक्य मला पाठ होतं. 'कोण तुमी?' तेही सोडा, ती बाई शुद्धीवर असती तर हो म्हणाली असती, हे तिनंच सांगून ठेवलं होतं. दोन्ही माझ्या तोंडातून निघेनात.

"न्हाई," मी म्हणाले. "आज उरलं न्हाई."

काकांनी ताट उचललं, चपलासुद्धा न घालता जिना उतरले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी कोणालाही हलू दिलं नाही. खालून चहावाल्याचा आवाज आला, पायऱ्या वाजल्या, आणि दम खात काका दारात आले. ताटात गरम पोहे होते. माझ्यापुढं ठेवले आणि समोर बसले, भिंतीकडे पाठ करून.

मी एक घास खाल्ला.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"कमी हाय," मी म्हणाले. खरंच कमी होतं.

"चुकलं," काका म्हणाले. "थांब, परत येतो."

पुन्हा तो सगळा जिना. कागदाच्या पुडीत मीठ घेऊन आले, चिमटीनं माझ्या पोह्यांवर घातलं, आणि मी ताट पुसून खाईपर्यंत समोरून उठले नाहीत.